मानशीचे दार कोणाच्या हाती

आमोणे, डिचोली
३ फेब्रुवारी २०२५

चि. सेजल हिला आजीचे पोटभर आशीर्वाद.

बाय, तुझे पाकीट शनिवारी पोचले. पोस्टमनाने जनेलाच्या गजांतूनच हाक मारली, "चंद्रावतीबाय, पुण्याहून नात बोलते!" नारळ खवता खवता उठले ती हात तसेच, म्हणून तुझ्या पत्राला खोबरे लागले आहे. फोनवर मला अर्धे ऐकू येते आणि उरलेले अर्धे तुझी आई संजना माझ्या कानात ओरडते, त्यामुळे तुझी सर्दीसुद्धा सगळ्या वाड्याला कळते. पत्र बरे. पत्र माझे एकटीचे.

तुझ्या कॉलेजात स्पर्धा आहे, कायदे करणारे, राज्य चालवणारे आणि न्याय देणारे असे सरकारचे तीन भाग वेगळे ठेवले आहेत, त्या वाटणीत सुधारणा हवी की नको, यावर तुला बोलायचे आहे, हे समजले. आणि पुढे लिहिलेस, "आजी, तुला काय वाटते?" सेजल, मी मराठी शाळेत तिसरीपर्यंत गेले, तीही गुरे राखायला कोणी नसले की सुट्टी. मला असे कोणी कधी विचारले नव्हते. तुझ्या आजोबांनी जन्मात एकदा विचारले, "मीठ जास्त झाले का?" ते पण त्या दिवशी त्यांनी स्वतः रांधले होते म्हणून. मी दोन दिवस सगळ्यांना सांगत फिरले. पाव घेऊन येणाऱ्या पोदेराला पण सांगितले, त्याने आनंदाने एक उंडो जास्त दिला.

आता माझे मत. सरकारचे मला फार कळत नाही. आमदार आपण निवडून देतो तो कायदे करायला, आणि मग त्यातलाच एक मंत्री होऊन ते चालवतो. म्हणजे दोघे तर एकाच घरात जेवतात. निदान तिसऱ्याने तरी दुसऱ्या घरी जेवावे, एवढे मला वाटते. बाकी मला मानशीवरून कळते ते सांगते. तुझ्या मैत्रिणींना मानस म्हणजे काय ते सांगावे लागेल. आपली शेती खाजनाची, मांडवीच्या काठाची, भरतीला नदीच शेतापेक्षा उंच. मध्ये मातीचा बांध आणि बांधात लाकडी दारांची मानस. भरती आली की खारे पाणी दारांना ढकलते आणि दारे आपोआप मिटतात. सुकती लागली की आतले पाणी ढकलते आणि दारे उघडतात. शेतातले जास्तीचे पाणी जाते, खारे आत येत नाही. मासे मात्र त्या वाटेने जातात येतात, म्हणून तिथे जाळे लावायचा हक्क दर वर्षी शेतकऱ्यांची असोसिएशन पावणी करून, बोली लावून देते.

ज्याने मानस घेतली त्याला खारे पाणी आत हवे असते, कारण पाण्याबरोबर सुंगटे, तुमच्या पुण्याची कोळंबी, येतात. शेतकऱ्याला ते नको असते. म्हणून आमच्या लहानपणी मासे धरणारा वेगळा, दार राखणारा वेगळा, आणि भांडण झाले तर ऐकणारे आणखी वेगळे. आता तसे राहिले नाही. गेल्या पावसात कोणीतरी भरतीच्या वेळी दारांना ओंडका लावून ती उघडी ठेवली. आपला खालचा तुकडा करपला, त्याला लागून हौसा कसते तो तिचाही करपला. एकदा मीठ बसले की दोन-तीन पावसाळे जातात ते धुवायला. यंदा पुन्हा तसे झाले तर तो तुकडा भाताचा राहणार नाही. यंदा खारे सोसणारे कोरगुट भात पेरायचेच आणि कापायचेच, एवढे मी ठरवले आहे.

मानस कोणी घेतली आहे त्याचे नाव लिहीत नाही. तू माझी पत्रे मैत्रिणींना वाचून दाखवतेस हे मला ठाऊक आहे.

गोड खात जा. केस विंचरत जा.

तुझी आजी


पुणे
१४ फेब्रुवारी २०२५

प्रिय आजी,

"दोघे तर एकाच घरात जेवतात" हे मी वर्गात म्हटले आणि सर खुर्चीत सरळ बसले. आमच्या पुस्तकात हेच सांगायला अकरा पाने लागली आहेत. सर म्हणाले, आजीला विचार, तिसऱ्याचे जेवण कोण वाढते? न्यायाधीश नेमायचे कोणी, कोर्टाला माणसे आणि खर्च द्यायचा कोणी, यावरच सगळी भांडणे आहेत. माझे म्हणणे आहे की सुधारणा हवी. उलट बाजूचा मुलगा म्हणतो, वाटणी चांगली आहे, माणसे वाईट आहेत.

मानशीचे वाचून मला राग आला. हे सरळ सरळ चूक आहे आणि तू गप्प बसू नकोस. पप्पाच असोसिएशनचे अध्यक्ष आहेत ना? मग काळजी कसली! तू रीतसर लेखी तक्रार दे. तोंडी सांगितलेले हवेत जाते. तारीख घाल, सही कर, एक प्रत स्वतःकडे ठेव. पप्पांना त्या माणसाला बोलवावेच लागेल. ज्याला पाण्याचा फायदा, त्याच्या हातात दार असूच नये, हे तू ठणकावून लिही. समोरचा कितीही मोठा असला तरी.

घाबरू नकोस. मी आहे.

तुझी सेजल


आमोणे
९ मार्च २०२५

चि. सेजल,

तू सांगितलेस तसे केले. स्वप्नीलच्या दुकानातून रेघांचा कागद आणला, तीन कागद फुकट गेले, चौथ्यावर तक्रार उतरली. तारीख घातली. सही केली, "चंद्रावती" मधला अनुस्वार मागाहून घातला. अर्ज असोसिएशनच्या खोलीत नेऊन दिला. तिथे टेबलावर कोणी नव्हते, म्हणून दगडाखाली ठेवला.

पाचव्या दिवशी सकाळी मी चुलीपुढे, आणि तुझा पप्पा चहाला आला. एका हातात पेला आणि दुसऱ्या हातात कागद. म्हणाला, "आये, हे तुझे उत्तर." मी म्हटले, वाच. तर तो उभा राहिला गो! कोर्टात राहतात तसा. वाचले, "तक्रारदार चंद्रावती यांच्या अर्जाचा विचार केला. मानस घेणाऱ्याचे म्हणणे ऐकले. दार राखणाऱ्याकडे चौकशी केली. तक्रारीत तथ्य आढळले नाही. सही, शिवदास, अध्यक्ष." खाली गोल शिक्का.

मी विचारले, "मानस घेणारा कोण?"

म्हणाला, "हांव."

"दार राखणारा?"

"कृष्णनाथाचे गुडघे गेले ना आये, दोन वर्षे झाली. तेव्हापासून हांवच."

"मग तू तुझे ऐकलेस, तुझ्याकडे चौकशी केलीस आणि तूच सुटलास?"

म्हणाला, "चहात साखर कमी आहे."

तर बाय, ते नाव हे होते. पहिल्या पत्रात लिहायला माझा हात चालला नाही. पावणी त्याने घेतली आहे हे तुला घरात कोणी सांगितले नसणार, तो घरात मानशीचे बोलतच नाही.

मी हसले खूप, तो गेल्यावर. तुझी आई म्हणाली, सासूबाई वेड्या झाल्या. पण हसून झाल्यावर मी खालच्या तुकड्यात जाऊन बसले. माती हातात घेतली तर पांढरी पापडी निघाली. जिभेला लावली. अजून खारी आहे.

तो चोर नाही, हे तूही जाणतेस. सुंगटे भरपूर यावीत म्हणून ओंडका त्यानेच लावला असणार, आणि दुपारी काढीन म्हणून विसरला असणार. पण विसरला हे त्याला सांगायचे कोणी? विसरणारा तो, विचारणारा तो, माफ करणारा पण तोच.

आता पुढे काय ते तू सांग. तू म्हणाली होतीस, समोरचा कितीही मोठा असला तरी.

आजी


पुणे
१८ मार्च २०२५

प्रिय आजी,

तुझे पत्र मी कोणाला वाचून दाखवले नाही.

मी पप्पांना फोन केला. रागावू नकोस. ते म्हणाले, "तुझे पुण्याचे शिकणे कशावर चालले आहे असे तुला वाटते? भातावर?" आणि म्हणाले की पावणीला दुसरे कोणी आलेच नाही, दार राखायला कोणी उठत नाही, सभेला सहा माणसे येतात. सगळे म्हणतात शिवदास बघेल, म्हणून ते बघतात.

आजी, हे खरेच आहे ना? ते एकटेच करतात सगळे. कदाचित मी आधी फार जोरात लिहिले. यंदाचे वर्ष जाऊ देऊया का? माझे शेवटचे वर्ष संपू दे. मग मी येऊन त्यांच्याशी शांतपणे बोलेन. भरसभेत त्यांची मान खाली जाईल असे काही करू नकोस. त्यांना फार लागेल.

स्पर्धा पुढच्या महिन्यात आहे. काय बोलायचे ते मला आता कळत नाही.

सेजल


आमोणे
२ एप्रिल २०२५

चि. सेजल,

तुझी दोन्ही पत्रे जवळ जवळ ठेवून वाचली. पहिल्यात तू म्हणतेस ठणकावून लिही, दुसऱ्यात म्हणतेस जाऊ दे. मधे काय बदलले? मानस तीच, दार तेच, खारे पाणी तेच. फक्त माणसाचे नाव तुला कळले. बाय, उद्या तू न्यायाच्या खुर्चीत बसशील आणि नाव वाचून तुझा निकाल बदलेल, तर लोकांनी जायचे कुठे?

रागावले नाही मी. तुझे शिकणे त्या सुंगटांवर चालले आहे हे मला ठाऊक होते, आणि माझी औषधेही. म्हणून तर पहिल्या पत्रात माझा हात चालला नाही. म्हणजे मी पण तुझ्यासारखीच. पण जमीन यंदा गेली तर पुढे किती वर्षे जाणार ते सुंगटे सांगणार नाहीत. हौसाचे तर तेवढेच आहे. कोल्हापूरकडून येऊन ती आणि तिचा नवरा केरबा इथे राहिली, केरबा कारखान्यात जातो, ती खंडाने घेतलेल्या तुकड्यावर वर्षाचे तांदूळ काढते. गेल्या वर्षी तिने तांदूळ विकत घेतले. तिने तक्रार केली नाही. का, तर अध्यक्षच मानस घेणारा, मग कोणाकडे करायची?

आता तुझ्या पप्पाची बाजू. तो म्हणतो ते अगदी खरे आहे. अध्यक्ष करायचा तेव्हा मीच पहिला हात वर केला. कृष्णनाथ बसला तेव्हा, "शिवदासाक दी रे ते दार, तो जवळच राहतो," असे मीच म्हटले. पावणीला कोणी नव्हते तेव्हाही आम्ही बायका म्हणालो, बरे झाले, घरातच राहिले. तीन कामे त्याने ओढून घेतली नाहीत. आम्ही उठायच्या आळसाने एकेक करून त्याच्या हातात ठेवली. तुझ्या त्या उलट बाजूच्या मुलाला हे सांग. माणूस वाईट नसतानाच असे होते. वाईट असता तर आम्ही कधीच दिले नसते.

मी सभेला जाणार. जमिनीच्या उताऱ्यावर नसले तरी असोसिएशनच्या पुस्तकात तुझ्या आजोबांच्या मागे माझे नाव आहे. आणि एकटी जाणार नाही. ज्या ज्या बायकांची नावे पुस्तकात आहेत त्यांच्या घरी रोज दोन घरे धरून चालले आहे. सुविधाकडे जाते तेव्हा फणसाच्या भाजीवरून तास जातो, पण काम होते.

त्याला मी स्वतः सांगितले. चोरून काही करणार नाही. म्हटले, "शिवदास, सभेत मी तुझी दोन कामे काढून घ्यायला सांगणार आहे." तो म्हणाला, "सांग." जेवला आणि गेला.

तू स्पर्धेत जे खरे वाटते ते बोल.

आजी


पुणे
२६ एप्रिल २०२५

प्रिय आजी,

काल बोलले. नंबर आला नाही, दुसऱ्या कॉलेजची मुलगी जिंकली, ती छानच बोलली.

मी म्हटले, सुधारणा हवी, पण सत्ता या टोपलीतून त्या टोपलीत टाकण्याची नव्हे. न्याय देणाऱ्यांची नेमणूक एकाच हातात नसावी, सरकारच्याही नाही आणि न्यायाधीशांच्या स्वतःच्याही नाही. कोर्टाला खुर्च्या आणि कारकून मागायला सरकारच्या दारात उभे राहावे लागू नये. आणि जो सरकारी अधिकारी एका दिवशी हुकूम काढतो, त्यानेच दुसऱ्या दिवशी त्यावरची तक्रार ऐकू नये. परीक्षकांनी विचारले, हे सगळे करायला माणसे कुठून आणणार, अधिकारी आधीच कमी आहेत. मी म्हटले, माझ्या गावातही सगळे हेच म्हणतात, आणि म्हणूनच तीन कामे एकाच्या डोक्यावर बसतात.

तुला मागचे पत्र लिहिल्याची लाज वाटते. सभेला जा. पप्पांना मीही लिहिले आहे. त्यात एवढेच लिहिले की यापुढे मी शिकवण्या घेईन, माझ्या खर्चाची काळजी मानशीच्या दारात अडकवू नका.

सेजल


आमोणे
१९ मे २०२५

चि. सेजल,

काल सभा झाली. कुठून सुरू करू? साडी नेसण्यापासून करते. हिरवी नेसले, तुझ्या मुंजीत... नाही गो, तुझ्या काकाच्या मुंजीत घेतलेली.

देवळाच्या मंडपात सहा माणसे असायची तिथे सत्तावन्न. त्यातल्या तेवीस आम्ही बायका. तुझा पप्पा आम्हाला बघून म्हणाला, "आज जेवण आहे म्हणून कोणी सांगितले काय?" सगळे हसले, मीही हसले. मग उभी राहिले. पदर खोचून घेतला.

म्हटले, "तीन गोष्टी लिहून घ्या. मानस घेईल त्याने दाराला हात लावायचा नाही. दार राखील त्याने जाळे लावायचे नाही. आणि तक्रार ऐकतील ते या दोघांतले नसतील, आणि अध्यक्ष पण नसेल."

शेजारचा साईश उठला. म्हणाला, "आजी, घरचे भांडण सभेत कित्याक?"

मी म्हटले, "घरचे असते तर लाटण्याने मिटवले असते. हे शेताचे आहे."

मग बरेच बोलणे झाले. कोणी म्हणाले, एवढी माणसे कुठून आणायची. कोणी म्हणाले, शिवदास काय खातो काय? मी म्हटले, खात नाही. खाल्ले असते तर सोपे होते. माझ्या तक्रारीवर त्याने चूक निकाल दिला असे पण मी म्हणत नाही, बरोबरच असेल एखादे वेळी. पण आपलाच निकाल आपण दिला तर तो बरोबर असून कोणाला पटेल? तेव्हा हौसा उठली. मंडपात ती कधी बोललेली नाही. म्हणाली, "मला तक्रार करायची हुती. कुणाकडं करायची ते कळंना, म्हणून बसले." एवढेच बोलून खाली बसली. त्यानंतर कोणी हसले नाही.

हात वर झाले. मोजायची गरज पडली नाही.

आता गंमत ऐक. सुविधा ओरडली, "मग आजीच अध्यक्ष! आजीकडेच द्या सगळे!" आणि टाळ्या. सेजल, खरे सांगते, गोड लागले. क्षणभर वाटले, घ्यावे, सगळे नीट करीन. मग म्हटले, "गप बसा गो. शिवदासालाही असेच टाळ्या वाजवून दिले होते." तक्रार ऐकायला मात्र हो म्हटले. मी, कृष्णनाथ आणि हौसा. हौसाचे नाव मी घेतले तर साईश म्हणाला, ती बाहेरची. मी म्हटले, म्हणूनच. ती इथे कोणाची मावशी नाही की काकी नाही.

शेवटी तुझ्या पप्पाला विचारले, तीनातले एक ठेव. मला वाटले मानस ठेवील. सगळ्यांना तेच वाटले. तो म्हणाला, "दार." मासे गेले, अध्यक्षपण गेले. कृष्णनाथ म्हणाला, "भरतीचे गणित त्यालाच येते." मानस साईशने घेतली. अध्यक्ष आता सिद्धेश, त्याला अजून शिक्का मारता येत नाही, उलटा मारतो.

घरी येताना तुझा पप्पा माझ्या पुढे दहा पावले चालला. पण चालला हळू.

आजी


आमोणे
१६ सप्टेंबर २०२५

चि. सेजल,

चवथीला आलीस आणि दोन दिवसांत पळालीस, नेवऱ्यांचा डबा इथेच राहिला. त्या आता आम्ही खाल्ल्या. तू गेल्यावर काय झाले ते सांगायला बसले आहे.

पुनवेच्या भरतीला मानशीचे एक दार नीट मिटले नाही. खालची फळी कुजली होती. तुझ्या पप्पाला ती दिसली होती, उद्या बदलतो म्हणाला आणि चवथीच्या गडबडीत बदलली नाही. खारे पाणी आत आले, ते साईशच्या कोपऱ्यात शिरले. तीन ओळी पिवळ्या पडल्या. लगेच ओंडके टाकून पाणी अडवले म्हणून बाकीचे वाचले. साईशने तक्रार दिली. लेखी. तुझ्यासारखीच तारीख घातलेली.

आमच्याकडे आलेली ही पहिलीच. रविवारी सकाळी मंडपात बसायचे ठरले. मी हिरवी साडीच नेसले. साईश आला, तुझा पप्पा आला. कृष्णनाथने कागद वाचला. वाचून झाला आणि मी उठले.

हौसा म्हणाली, "आजी, तुमी कुठं निघालाय?"

म्हटले, "बाहेर बसते. ज्याच्यावर तक्रार आहे तो माझा मुलगा."

कृष्णनाथ म्हणाला, "चंद्रावती, बस खाली. तू खरे तेच बोलशील हे आम्हाला ठाऊक आहे."

म्हटले, "मलाही ठाऊक आहे. पण साईशला कसे ठाऊक असणार?"

आणि बाहेर येऊन आवळ्याच्या झाडाखाली बसले. आत काय बोलले ते मला माहीत नाही. तुला सांगते, तो तास माझ्या बाळंतपणापेक्षा लांब गेला. एकदा वाटले, त्याला फार बोलू नयेत. एकदा वाटले, माझा म्हणून सोडूही नयेत. दोन्ही मलाच वाटत होते, तेव्हा कळले की बाहेर आले ते बरे केले.

निकाल झाला. चूक शिवदासाची. फळी आठ दिवसांत बदलायची, आणि साईशच्या कोपऱ्यापुढचा बांध स्वतःच्या हाताने चिखल घालून उंच करायचा, मजूर लावायचा नाही. साईशने आणखी मागितले होते, ते हौसाने दिले नाही. म्हणाली, तीन ओळींचं तीन ओळींएवढंच.

काल मी खाली गेले. आपल्या तुकड्यातले कोरगुट पोसवले आहे. अजून महिनाभराने कापणी. हौसाचे आपल्यापेक्षा चांगले आहे, तिला म्हटले नाही, लगेच दृष्ट काढत बसते. तुझा पप्पा साईशच्या बांधावर गुडघाभर चिखलात होता. मला बघून पाठ ताठ केली.

म्हणाला, "आये, एक खरे सांग. तू आत बसली असतीस तर मी सुटलो असतो, की आणखी चार दिवस चिखल काढला असता?"

मी म्हटले, "ते मलाही ठाऊक नाही रे. म्हणूनच उठले."

तो हसला नाही. मान हलवली आणि पुन्हा खोऱ्याने चिखल उचलला.

दुपार झाली, त्याच्यासाठी पेज घेऊन निघते. उरलेले पुढे केव्हातरी.

तुझी आजी,
चंद्रावती